मेंढरांचा वेस्टर्न

भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकली आणि आलेल्या पैशातून, जमीन गेलेल्या माणसाचा सिनेमा काढला. सिनेमासाठी पैसा उभा करायच्या तऱ्हा मराठी माणसाला नव्या नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं होतं, सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या पायी गेले. पण शेतकऱ्याच्या घरात जमीन विकणं म्हणजे काय, हे वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंगकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी विकली तर लोक हळहळतात, दवाखान्यासाठी विकली तर गप्प बसतात. सिनेमासाठी विकली म्हटलं, की कपाळाला हात लावतात.

कऱ्हाडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात ते माध्यमं शिकले. ‘ख्वाडा’ हा त्यांचा पहिलाच सिनेमा. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, आणि जागेवरच केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना मिळाला. त्याच वर्षी ‘कोर्ट’ देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता आणि ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. अशा दोन धिप्पाड भावांच्या मधे ‘ख्वाडा’ जरा झाकला गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो थिएटरात लागला, लोकांनी कौतुक केलं, ‘धनगरांवरचा सिनेमा’ म्हणून त्याची नोंद झाली. नोंद खरीच आहे. पण मला तो पहिल्यापासून दुसऱ्याच खात्यातला वाटत आलाय. माझ्या लेखी महाराष्ट्रात बनलेला सगळ्यात अस्सल वेस्टर्न ‘ख्वाडा’ आहे.

वेस्टर्न म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, धूळ उडवत येणारा घोडा, लाकडी दारूगुत्ता आणि त्याची दोन्हीकडे झुलणारी दारं. यातलं काहीच ‘ख्वाडा’त नाही. घोडा तेवढा आहे, आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी या टोपी-पिस्तुलाचा निकाल लावू. पडद्यावरच्या सुरुवातीच्या वेस्टर्नपैकी सगळ्यात गाजलेला म्हणजे १९०३ चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’. तो चित्रित झाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीत. पश्चिमेचा सिनेमा पूर्वेला! पुढे सर्जिओ लिओनेनं इटालियन पैशातून स्पेनच्या अल्मेरियात वेस्टर्न काढले. त्यातल्या पहिल्याची गोष्ट त्यानं कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून, म्हणजे जपानी सामुराईकडून उचलली होती. आपला ‘शोले’ कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत झाला. म्हणजे या प्रकाराला ना पश्चिम लागते ना अमेरिका. मग लागतं काय?

(जाता जाता एक गंमत. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’च्या शेवटी एक दरोडेखोर सरळ प्रेक्षकांकडे बघतो आणि पिस्तूल झाडतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवटही तसाच, प्रेक्षकांवर येणारा, फक्त त्यातल्या नायकाच्या, जब्याच्या हातात पिस्तुलाऐवजी दगड आहे. मधे एकशे दहा वर्षं गेली. दोघांची गाठ कोणी मुद्दाम घातली असेल असं मला वाटत नाही, पण पडली खरी.)

वेस्टर्नला लागते ती एक वेळ. ज्या जमिनीवर काल कोणीही जनावरं चारत होतं, तिच्यावर आज कोणाचं तरी नाव चढतं. कागद आधी येतो, न्याय मागून येतो किंवा येतच नाही, आणि या मधल्या पोकळीत ज्याच्या हाती बळ तो ठरवेल तो कायदा. वेस्टर्न या पोकळीत घडतो. टोपी आणि पिस्तूल हा त्या काळातला तिथला पेहराव, एवढंच.

आता ‘ख्वाडा’ बघा. रघू कऱ्हे हा वयस्क धनगर, शशांक शेंडे यांनी केलेला. त्याची वडिलोपार्जित जमीन वनखात्यात गेली. कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालू आहे. तोवर मेंढरांमागे फिरायचं: घोड्यावर बिऱ्हाड, मागे-पुढे कळप, आज या गावच्या शिवारात तर उद्या त्या. म्हाताऱ्याला आता कुठंतरी टेकायचंय. धाकटा मुलगा बाळू, भाऊसाहेब शिंदे यांचं हे काम, त्याला कुस्तीचा नाद आणि लग्नाची घाई. वाटेतल्या गावात एक बलदंड पुढारी आहे. गाव आपल्याच बापाचं असल्यासारखा वागणारा. त्याचा मोठेपणा दुखावला जातो आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं. शेवट मी सांगणार नाही. वेस्टर्नमध्ये शेवटी काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतंच, आणि तरीही हाताच्या मुठी वळतात.

आता घोडा. अमेरिकन वेस्टर्नमध्ये घोडा म्हणजे पुरुषाचा रुबाब. त्यावर बसला की साधा गुराखीसुद्धा सरदार दिसतो. धनगराच्या घोड्यावर कोणी बसत नाही. त्याच्यावर संसार बसतो: भांडी, घोंगड्या, पिठाचं गाठोडं, मेंढरं कोंडायची वाघर, वर पाय बांधलेली कोंबडी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि चालू न शकणारं माणसाचं लेकरूसुद्धा. धनगर पायी चालतो. उंच टेकाडावरून एकटा स्वार क्षितिजाकडे बघतोय, हे वेस्टर्नचं ठरलेलं चित्र. इथे टेकाडावर एक ओझ्यानं लादलेलं तट्टू उभं असतं आणि माणूस खाली दगड टोचू नये म्हणून पायांपुढं बघत असतो. माझ्या मते हे चित्र जास्त खरं आहे. अमेरिकेच्या माळावरही बहुतेकांचं आयुष्य ओझी वाहण्यातच गेलं असणार.

पण याच घोड्याची एक गोष्ट आमच्या वाशीमशी अशी येऊन भिडते, की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’ लिहिलं. त्यात वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना तो बाशीमच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, परिसरातल्या हटकरांची नोंद करतो. स्वाभिमानी, सहजी न वाकणारे लोक, आणि त्यांचं बळ एक हजार घोडेस्वार, पाच हजार पायदळ. हटकर म्हणजे धनगरांचीच एक शाखा. वऱ्हाडात त्यांना बारगी धनगर असंही म्हणत. अकबर बादशहाच्या दफ्तरात ज्यांची दखल घ्यावी लागली, ते हजार स्वार पैनगंगेच्या अलीकडच्या डोंगरपट्ट्यात फिरत होते. अनसिंग वाशीमहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा मुलूख आमच्या उंबऱ्यापासून लांब नाही. कधीकाळी ज्यांच्या मांडीखाली घोडे होते, त्यांच्याच जातभाईंच्या घोड्यावर आता भांडीकुंडी आहेत. हा बदल कसा झाला?

त्याचं उत्तर शोधता शोधता मी पुन्हा अमेरिकेत पोचलो, आणि या लेखाला हात घालावासा वाटला तो इथेच.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडावर गेली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. काळी कसदार जमीन, कपाशीला हवी तशी. भाव असे चढले की कालपर्यंत पडीक म्हणून सोडलेल्या, गुरं चरणाऱ्या जमिनी मोजल्या गेल्या, नावावर झाल्या, नांगरल्या गेल्या. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचं उद्‌घाटन करायला आला. एवढा मोठा साहेब एवढ्याशा फाट्यासाठी आला तो कापसापायी. त्या रेल्वेनं बंजाऱ्यांचे, हजारो बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य नेणारे तांडे बसवले. मग वनकायदा आला आणि उरलेल्या रानातही ‘राखीव’ नावाची रेघ ओढली गेली.

तिकडे काय चाललं होतं? तेच युद्ध संपल्यावर अमेरिकेतली रिकामी झालेली, हरलेली-जिंकलेली माणसं पश्चिमेकडे लोटली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं त्यांना १६० एकरांचे तुकडे मिळत होते. रेल्वे, गुरांचे कळप, मोजणीदार, वकील, बंदूकवाले. हॉलिवूडनं ज्या काळावर हजारो मैल फिल्म खर्च केली तो काळ साधारण १८६५ ते १८९०. म्हणजे ज्या युद्धानं काउबॉय जन्माला घातला, त्याच युद्धानं वऱ्हाडातल्या धनगराचं, गवळ्याचं, बंजाऱ्याचं चराऊ रान खाल्लं. दोन्हीकडे रेल्वे, दोन्हीकडे मोजणी, दोन्हीकडे राखीव रेघा, तीच पंचवीस वर्षं. एकाच घटनेची ही दोन टोकं. त्यातल्या एका टोकावर जगातला सगळ्यात लाडका सिनेमाप्रकार उभा राहिला आणि दुसऱ्या टोकावर... गॅझेटियरमधली चार पानं.

म्हणून ‘ख्वाडा’ला वेस्टर्न म्हणताना मला त्याला परदेशी टोपी घातल्यासारखं वाटत नाही. रघू कऱ्हेचा दावा ज्या फायलीत अडकलाय, तिचं पहिलं पान त्याच काळात लिहिलं गेलं.

एक फरक मात्र मोठा मजेदार आहे. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन नावाच्या इलिनॉयच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. लाकूड नाही, दगड नाही, अशा माळावर स्वस्तात कुंपण घालता येऊ लागलं आणि मोकळा माळ काही वर्षांत संपला. तोवर तिकडच्या अनेक भागांत रीत अशी होती, की पीक राखायचं तर शेतकऱ्यानं कुंपण घालावं. जनावर मोकळं फिरणारच. आपल्याकडे त्याच्या तीन वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी कुंपण न घालताच कुंपण घातलं. त्याचं नाव कॅटल ट्रेसपास ॲक्ट. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं पकडावं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालावं, आणि मालकानं दंड भरून सोडवावं. तारेचा खर्च नाही, खांब नाहीत. सगळ्या शिवाराला एका अदृश्य तारेनं वेढलं, आणि ती तार ओलांडण्याचा गुन्हा जनावराच्या मालकाच्या माथी बसला. पुढे तो वऱ्हाडातही आला. आमच्या पिढीतल्या कोणालाही कोंडवाडा हा शब्द सांगा, डोळ्यांपुढे मोडकळलेली भिंत, तिच्या आत उपाशी हंबरणारी एखादी गाय आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाशी हुज्जत घालणारा मालक येतो. अमेरिकन वेस्टर्नमध्ये गुरांवरून झालेल्या तंट्यात शेवटी प्रेतं पडतात. आपल्याकडे पावती फाटते. पावतीनं माणूस मरत नाही, पण दर मुक्कामाला फाटत गेली तर कळप संपतो.

मेंढरांवरून तिकडे प्रेतंही पडली. गाईवाल्यांना मेंढ्या खपत नसत. मेंढरं गवत मुळापासून खातात, मागे काही ठेवत नाहीत, ही त्यांची तक्रार. वायोमिंग, ॲरिझोना, कोलोरॅडो, सगळीकडे तंटे झाले. १९०९ च्या एप्रिलमध्ये वायोमिंगात टेनस्लीपजवळ गाईवाल्यांच्या टोळीनं रात्री मेंढपाळांच्या तळावर हल्ला केला आणि तिघांना मारलं. या वेळी हल्लेखोरांना शिक्षा झाल्या, म्हणून ती घटना लक्षात राहिली. पण हॉलिवूडचा नायक सहसा मेंढपाळ झाला नाही. १९५८ च्या ‘द शीपमन’मध्ये ग्लेन फोर्ड मेंढरं घेऊन गुराख्यांच्या गावात येतो, पण सिनेमा अर्धा विनोदी आहे; मेंढीमागे चालणारा पुरुष त्यांना गंभीरपणे घेताच आला नाही. कऱ्हाडेंनी घेतला. कळपामागे चालणाऱ्या माणसाला त्यांनी ती जागा दिली, जी जॉन वेनला मिळत असे.

आणि बंदूक? तिच्या जागी त्यांनी कुस्ती ठेवली, ही मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. वेस्टर्नमधलं द्वंद्व म्हणजे भर दुपारी गावाच्या रस्त्यावर समोरासमोर उभी ठाकलेली दोन माणसं, बाजूला घरांच्या फटींतून बघणारं गाव. जत्रेतला कुस्तीचा फड त्याहून जास्त सार्वजनिक असतो. सगळं गाव गोल करून बसलंय, हलगी वाजतेय, माती अंगाला लागलीय, पंच आहेत, इनाम जाहीर झालंय. तिथं भटक्या धनगराचा पोरगा आणि गावच्या पाटलाचा पोरगा एकाच मातीत उतरतात. वर्षातून एकदा, काही मिनिटांपुरती, जमिनीवर कोणाचं नाव नसतं. फडाबाहेर पडलं की पुन्हा ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर. एखाद्यानं तेवढ्या मिनिटांत बरोबरी मनावर घेतली, की पुढचा सगळा घोळ होतो.

आता आवाजाकडे येऊ, कारण त्या ध्वनिमुद्रणाच्या पुरस्काराचं महत्त्व फार थोड्यांनी ओळखलं. लिओनेच्या गाजलेल्या वेस्टर्नमध्ये तुम्ही जे ऐकता, ते सगळं नंतर स्टुडिओत भरलेलं. चित्रीकरणाच्या वेळी नट आपापल्या भाषेत बोलायचे, कोणी इंग्रजीत, कोणी इटालियनमध्ये; मग सगळ्यांना एकच आवाज चिकटवायचा. त्यात एक जादू आहे, त्या बुटांची करकर स्टुडिओतच बनू शकते. ‘ख्वाडा’नं उलटी वाट धरली. मोकळ्या माळावर, शेकडो मेंढरांमध्ये, जागेवरच आवाज टिपायचा. यात काय अडचण आहे ते विचार करा. मेंढरू दिग्दर्शकाचं ऐकत नाही. वारा मायक्रोफोनवर घोंघावतो. नट महत्त्वाचं वाक्य बोलायला लागला की कुत्रं भुंकतं. दूरवरून ट्रॅक्टर जातो. म्हणून बहुतेक जण नंतर डबिंग करून मोकळे होतात. पण जागेवर टिपलं, की बोलण्यात दम येतो. चालून दमलेल्या माणसाचा श्वास शब्दाच्या मधे येतो, तो स्टुडिओतल्या खुर्चीत बसून काढता येत नाही. ‘ख्वाडा’ कधी नुसता कानांनी ऐकून बघा. कळप जवळ आला की संवाद बुडतात, लांब गेला की वर येतात. वाड्यावर माणसं अशीच बोलतात, अर्धं बोलणं मेंढरांच्या वरून ओरडून.

वाडा म्हणजे धनगरांचा मुक्काम, हे पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. चौसोपी वाडा इथे कोणी डोळ्यांपुढे आणू नये.

जगात असा उफराटा वेस्टर्न काढणाऱ्यांमध्ये जिम जार्मुशचं नाव मोठं. त्याचा ‘डेड मॅन’ १९९५ चा, संपूर्ण कृष्णधवल. जॉनी डेप हा एक साधा हिशेबनीस, गोळी लागलेला, मरणाकडे चालत निघालेला. सोबतीला ‘नोबडी’ नावाचा मूलनिवासी माणूस. नील यंगनं सिनेमा बघत बघत एकट्यानं गिटार वाजवली आणि तेच पार्श्वसंगीत झालं. जार्मुश आपल्या सिनेमांची मालकी स्वतःकडे ठेवण्याबद्दल ओळखला जातो. कंपनीनं कापाकापी सुचवली तर ऐकत नाही. पण मला भावतं ते दुसरंच. या सिनेमात मूलनिवासी पात्रं क्री आणि ब्लॅकफूट भाषांत बोलतात, आणि खाली सबटायटल येत नाही. ज्यांना कळतं त्यांना कळतं. बाकीच्यांनी बाहेर बसावं. ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांच्या भाषेपुढे निदान दोन तास तरी मालकांनी अडाणी व्हावं, असा तो डाव. कऱ्हाडेंची पात्रं नगरी ढंगात, धनगरी शब्द पेरत बोलतात, आणि शहरातल्या प्रेक्षकासाठी कोणी सावकाश बोलत नाही. कऱ्हाडेंनी ‘डेड मॅन’ पाहिलाय की नाही याच्याशी मला घेणं नाही. दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी आले: वेस्टर्न सांगायचा तर हुसकलेल्याच्या बाजूनं.

जमीन जाण्याची गोष्ट मराठी सिनेमा तशी फार आधीपासून सांगतोय. १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला, त्यात सावकारानं नागवलेला शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी केला होता. पण तिथे नायक शेतकरीच होता. आपल्या सिनेमात दुःख नेहमी शेतकऱ्याचं. शेतकऱ्याच्या बांधाबाहेर उभा असलेला माणूस नायक व्हायला फार उशीर लागला.

आणि इथे अनसिंगला बसून हा सिनेमा बघताना माझी थोडी पंचाईत होते. कारण आमच्याकडे आपण बांधाच्या आत असतो.

दिवाळी सरली, सोयाबीन निघालं, की गुजरातकडचे काठेवाडी गुराखी गुरं घेऊन येतात. उंचपुऱ्या गाई, पांढऱ्या पोशाखातली माणसं, काही ठिकाणी कच्छी रबाऱ्यांचे मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्याबरोबर चक्क उंट. यातली कित्येक कुटुंबं विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत. पहिले काही दिवस बरे जातात. शेत रिकामं असेल आणि खत हवं असेल तर शेतकरी बोलावतोसुद्धा. मेंढरं बसवायची रीत इकडेही आहे: रात्रभर कळप शेतात बसतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, सकाळी कळप पुढच्या शेतात. आधी धान्य द्यायचे, आता रोख. रासायनिक खताची गोणी महागली, की या बोलावण्याला जोर येतो. पण तूर अजून उभी असते, हरभरा नुकता उगवलेला असतो, आणि रात्री दोन गाई आत शिरल्या की सकाळी सगळं गाव एक होतं. काठ्या निघतात. पोलीस पाटलाला बोलावणं जातं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला कधी नव्हे ते महत्त्व येतं. वेस्टर्नच्या अखेरच्या चकमकीचा निवाडा तंटामुक्ती समितीपुढे झालेला हॉलिवूडनं अजून दाखवलेला नाही; दाखवला तर मी तिकीट काढून जाईन.

पण गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न अवघड आहे. ज्याचा हरभरा गेला त्याचं कर्ज खरं असतं. १९५३ च्या ‘शेन’मध्ये नायक याच शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहतो, आणि समोरचा खलनायक असतो गुरांचा मोठा मालक. तो सिनेमा अनसिंगच्या कोणत्याही चावडीवर लावा, लोक टाळ्या वाजवतील. त्याच चावडीवर ‘ख्वाडा’ लावा, लोक रघूसाठी डोळे पुसतील. आणि दुसऱ्या दिवशी काठेवाड्याच्या गाईला काठी मारतील. यात ढोंग नाही. पडद्यावर आपण माणूस बघतो आणि शेतात नुकसान बघतो, एवढंच.

कायदाही या भटक्यांकडे बघताना असाच गोंधळतो. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात कच्छी रबाऱ्यांचे ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले. ते हैदराबादला कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. उंट गोरक्षण संस्थेत ठेवले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वाळवंटातला उंट वऱ्हाडातल्या गोशाळेत, आणि त्याचा मालक आपण फिरस्ते आहोत, खाटीक नव्हे, हे कागदानं सिद्ध करायला निघालेला. ज्याच्या घराला पत्ताच नाही त्यानं पुराव्याचा कागद आणायचा कुठून? रघू कऱ्हे हे वाचून हसला असता, किंवा त्यानं तंबाखू मळली असती.

कऱ्हाडेंचे पुढचे सिनेमे मी पाहिले ते ‘ख्वाडा’सारखं काही पुन्हा सापडेल या आशेनं. २०१८ चा ‘बबन’ जास्त आवाजी, जास्त वेगवान. लोकांना तो आवडला, मला त्यात ‘ख्वाडा’चा माळ सापडला नाही. २०२३ च्या ‘टीडीएम’ला थिएटरं मिळवण्यापासून झगडावं लागलं. स्वतंत्र दिग्दर्शकाला जमीन विकून सिनेमा काढता येतो, पण पडदा विकत घेता येत नाही. तिथेही वेळा मोजून दिलेल्या, राखीव, कोणाच्या तरी नावावर. या बाबतीत जार्मुश सुखी म्हणायचा.

‘ख्वाडा’मध्ये एक उणीव मला बघताना सलते. तळ हलवताना धनगरांची बाई जे करते ते पाहिलंय का कधी? पुरुष कळप घेऊन पुढे निघून जातो. मागे ती तळ मोडते, घोड्यावर ओझं तोलून बांधते, दोन्ही बाजूला सारखं, नाहीतर घोडा वाटेत बसतो. नव्या ठिकाणी ती आधी पोचून चूल मांडते, वाघर लावते, कोकरं मोजते. गावात जाऊन दळण आणते, आणि मुक्कामाला जागा मिळावी म्हणून शेतमालकिणीशी बोलून ठेवते. पाटलाशी पुरुष भांडतो. पण रात्रभर शेतात कळप बसवायचे पैसे किती, हा सौदा कित्येकदा दोन बायकांमध्ये, विहिरीच्या काठावर ठरलेला असतो. सिनेमा बाप-लेकाच्या मागे इतका लागतो की ही सगळी राजनीती कडेला राहते. अमेरिकन वेस्टर्नची ही जुनी खोड. बाई खिडकीत उभी. इथे तर खिडकीही नाही, कारण घर नाही. अशा बाईच्या अंगानं कोणी वेस्टर्न काढायचा म्हटला तर बंदूक तर सोडाच, कुस्तीचीही गरज पडणार नाही. शेतमालकीण पन्नास रुपये कमी देते म्हणते, ही म्हणते पाऊस येतोय, आजच ठरवा. आणि मागे घोडा ओझ्याखाली पाय बदलत उभा असतो.